आर्थिक गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांची जाहीर नोंदवही कुणाला अडवते आणि कुणाला नाही

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: ओळखीतल्या एका निवृत्त गृहस्थांनी दरमहा ठरावीक परतावा देणाऱ्या योजनेत आयुष्याची पुंजी टाकली. योजना बुडाली, आणि मग कळलं की ती चालवणारा माणूस पूर्वीही फसवणुकीच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आला होता. अशा लोकांची नावं फोटोसकट कुणालाही पाहता येतील अशी सरकारी नोंदवही जगात कुठे आहे का? असेल तर तिच्यामुळे फसवणूक कमी होते का? आणि एकदा चढलेलं नाव कायमचं राहावं का?

बुडालेल्या योजनांचे हिशेब उकलणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे आधी उत्तर देतो आणि मग कारणं सांगतो. अशी नोंदवही असावी, या बाजूचा मी आहे. पण तिने पहिल्यांदा फसवणारा सापडत नाही, सापडतो तो दुसऱ्यांदा फसवणारा, आणि तोही तिची रचना नीट असेल तरच. शिवाय तिचा सगळ्यात मोठा उपयोग बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. तो म्हणजे बुडालेले पैसे वसूल करणं.

अशी नोंदवही अमेरिकेतल्या युटा राज्यात आहे. पांढरपेशा गुन्हेगारांची सार्वजनिक नोंदवही सुरू करणारं ते अमेरिकेतलं पहिलं राज्य. कायदा २०१५ साली झाला, २०१६ पासून नोंदवही लोकांना खुली झाली आणि ती सांभाळायचं काम राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयाकडे आहे. सुरुवात युटातच का झाली, याला कारण आहे. तिथल्या लोकांचा फार मोठा भाग एकाच ख्रिस्ती धर्मपंथाचा, मॉर्मन. प्रार्थनास्थळी दर आठवड्याला गाठीभेटी होतात आणि एकमेकांवर विश्वास गाढ असतो. हा विश्वासच भामट्यांचं भांडवल ठरतो. ‘आपल्यातलाच माणूस आहे, तो कशाला फसवेल’ या एका वाक्यावर कागदपत्रं न पाहता पैसे दिले जातात. मोठी योजना बुडाल्यावर तक्रारदारांची यादी वाचली की एकाच कुटुंबातली, एकाच कार्यालयातली, एकाच प्रार्थनागटातली नावं ओळीने दिसतात. अशा समाजात माणसाची पत तोंडी ठरते. तोंडी पतीला लेखी उतारा हवा, हा त्या कायद्यामागचा विचार.

नोंदवहीत काय असतं ते जरा तपशिलाने सांगतो, कारण सगळी मेख तपशिलातच आहे. रोख्यांमधली फसवणूक, विश्वासाने सोपवलेल्या मालमत्तेची अफरातफर, विमा आणि गृहकर्जातली फसवणूक, खोट्या बतावणीने पैसे उकळणं, काळा पैसा पांढरा करणं अशा ठरावीक गुन्ह्यांत दुसऱ्या श्रेणीचा गंभीर गुन्हा सिद्ध झाला की नाव चढतं. नाव, इतर वापरातली नावं, अलीकडचा फोटो, जन्मतारीख, उंची, वजन, डोळ्यांचा आणि केसांचा रंग आणि कोणत्या गुन्ह्यात शिक्षा झाली, एवढी माहिती दिसते. २००५ साल संपल्यानंतरच्या शिक्षा त्यात घेतल्या आहेत, म्हणजे कायदा होण्याच्या दहा वर्षं आधीपर्यंत मागे जाऊन. पहिल्या शिक्षेला दहा वर्षं, दुसरीला आणखी दहा, तिसरीला जन्मभर.

आता सगळ्यात महत्त्वाचं कलम. शिक्षा सुनावली जाईपर्यंत ज्याने न्यायालयाचे सगळे आदेश पाळले, ठरवून दिलेली भरपाई पूर्ण चुकती केली आणि ज्याच्यावर असा दुसरा गुन्हा सिद्ध झालेला नाही, त्याचं नाव नोंदवहीत चढतच नाही. बातम्यांमध्ये गाजला तो फोटो. पण माझ्या दृष्टीने या कायद्याचा जीव या कलमात आहे. फसवणुकीच्या खटल्यात आरोपीकडे पैसा नसतोच असं नाही. बऱ्याचदा तो कुणाच्या तरी नावावर ठेवलेला असतो. भरपाईचा आदेश निघतो, पहिले हप्ते येतात, मग ‘परिस्थिती हलाखीची आहे’ असा अर्ज येतो आणि फाइल थंड पडते. तुरुंगवास अटळ दिसत असला तर तो भोगून बाहेर येऊन लपवलेला पैसा वापरायचा, हे गणित काही जण थंड डोक्याने मांडतात. पण पुढची दहा वर्षं कुणीही नाव शोधलं की फोटो समोर येणार, आणि पैसे भरले तर येणार नाही, असं म्हटलं की गणित बदलतं. मेहुण्याच्या नावावरचा भूखंड अचानक विकायला निघतो.

भरपाईला जोडलेल्या यादीचं फार मोठ्या प्रमाणावरचं उदाहरण चीनमध्ये आहे. न्यायालयाचा हुकूमनामा होऊनही, ऐपत असताना पैसे न देणाऱ्यांची जाहीर यादी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सुरू केली. यादीत नाव आलं की विमानाचं आणि वेगवान रेल्वेचं तिकीट मिळत नाही. पैसे भरले की नाव निघतं. ही गुन्हेगारांची यादी नाही, देणेकऱ्यांची आहे, आणि प्रवासावर बंदी घालणं मला स्वतःला पटत नाही. पण ‘पैसे भरा, नाव काढा’ हे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे.

युटाच्या नोंदवहीत भोकंही आहेत. तिच्यात राज्याच्या कायद्याखालच्याच शिक्षा येतात. मोठ्या गुंतवणूक घोटाळ्यांचे खटले अमेरिकेत बहुधा केंद्रीय न्यायालयात चालतात आणि त्या शिक्षा राज्याच्या नोंदवहीत येत नाहीत. म्हणजे ज्याने सगळ्यात जास्त लोकांना बुडवलं तोच यादीत नसण्याची शक्यता. दुसरं, नोंद विशिष्ट श्रेणीच्या गुन्ह्यालाच होते, त्यामुळे सरकारी वकिलाशी तडजोड करून खालच्या श्रेणीचा गुन्हा कबूल करायचा आणि यादीबाहेर राहायचं, ही वाट मोकळी राहते. तिसरं, राज्याची हद्द ओलांडली की शेजारच्या राज्यातल्या गुंतवणूकदाराला ही यादी आहे याचीच खबर नसते.

जुनी शिक्षा जाहीर झाल्याने काय होतं आणि काय होत नाही, हे पाहायला चार्ल्स पाँझीचीच गोष्ट घेऊ, ज्याच्या नावाने आजही नव्यांच्या पैशातून जुन्यांना परतावा देणाऱ्या योजना ओळखल्या जातात. साल १९२०, गाव बॉस्टन. परदेशी टपालाची कूपनं स्वस्तात घेऊन अमेरिकेत महाग वटवतो असं सांगून हा माणूस ४५ दिवसांत ५० टक्के नफ्याचं वचन देत होता. जुलैच्या शेवटी क्लॅरन्स बॅरन या अर्थपत्रकाराने साधा हिशेब मांडला: एवढ्या गुंतवणुकीसाठी सुमारे १६ कोटी कूपनं लागतील आणि प्रत्यक्षात चलनात आहेत सुमारे २७ हजार. एवढं छापून आल्यावर योजना त्याच दिवशी संपायला हवी होती. लोक पैसे मागायला धावले हे खरं, पण पाँझीने रांगेतल्यांना हसतमुखाने पैसे परत दिले आणि पुष्कळांचा विश्वास उलट वाढला.

मग ११ ऑगस्टला ‘बॉस्टन पोस्ट’ने पहिल्या पानावर छापलं की हा माणूस १९०८ मध्ये माँट्रिअलला खोटा धनादेश केल्याबद्दल तुरुंगात गेला होता. दुसऱ्या दिवशी पाँझी अटकेत होता आणि पुढच्या वर्षी त्या दैनिकाला पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. आता इथे दोन गोष्टी बारकाईने पाहा. एक म्हणजे, जे गणिताने झालं नाही ते जुन्या शिक्षेच्या बातमीने झालं. आकडे लोकांना पटत नाहीत, पण ‘हा आधीही आत जाऊन आलाय’ हे लगेच पटतं. नोंदवहीच्या बाजूने याहून मोठा युक्तिवाद मला माहीत नाही. दुसरी म्हणजे, कॅनडात तो बियांकी या नावानेही वावरत होता. नुसतं नाव शोधलं असतं तर हाती काही लागण्याची शाश्वती नव्हती. ओळख पटायला फोटो लागला. म्हणूनच इतर वापरातली नावं आणि फोटो हे दोन रकाने नसतील तर नोंदवही असून नसल्यासारखी.

नाव हा पुरावा नाही, हे मी नव्याने कामाला लागलेल्यांना पहिल्याच आठवड्यात सांगतो. नाव तपासायला घेतलं की माझ्या तक्त्यातला पहिला रकाना असतो जन्मतारखेचा. दुसऱ्यात नावाची सगळी स्पेलिंगं, मधलं नाव असलेली आणि नसलेली, लग्नाआधीचं नाव असेल तर तेही. तिसऱ्यात आजवरच्या कंपन्या आणि त्यातले सहसंचालक. चौथ्यात पत्ते. फसवणारा नाव बदलतो, कंपनी बदलतो, पण पत्ता आणि हिशेबनीस त्या मानाने कमी बदलतो. यानंतर त्याने स्वतः दिलेला बायोडेटा घेऊन वर्षं सलग लागतात का पाहायचं. मध्येच तीन-चार वर्षांचा खड्डा असेल आणि त्यावर ‘परदेशात सल्लागार’ असं काहीतरी मोघम लिहिलेलं असेल, तर त्या वर्षांतले न्यायालयीन निकाल चाळायचे. पुष्कळदा नोंदवहीपेक्षा हा खड्डाच जास्त बोलतो.

नावावरून जुळणी करण्यातला धोका उलट दिशेनेही आहे. २०११ मध्ये कॅलिफोर्नियात एक माणूस कार घ्यायला गेला. विक्रेत्याने त्याचा पत-अहवाल मागवला, तर त्यात तो अमेरिकी सरकारच्या दहशतवादी आणि अमली पदार्थांच्या तस्करांच्या यादीत असू शकतो असा शेरा. शेवटी कार बायकोच्या नावावर घ्यावी लागली. पत-माहिती देणाऱ्या ट्रान्सयुनियन या कंपनीने जुळणी केली होती ती फक्त नाव आणि आडनाव पाहून. जन्मतारीखही ताडून पाहिली नव्हती. असेच शेरे मिळालेले आठ हजारांवर लोक निघाले आणि खटला २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आर्थिक गुन्हेगारांची यादी काढणाऱ्या कुणीही हा खटला आधी वाचावा. सर्वसाधारण नाव-आडनाव असलेल्या निरपराध माणसाला यादीतल्या नामसाधर्म्यामुळे कर्ज किंवा नोकरी नाकारली गेली, तर त्याला ते कारणही कुणी सांगत नाही.

आता नोंदवहीच्या मर्यादेकडे येतो. दोषसिद्धी ही सगळ्या प्रकरणातली शेवटची पायरी असते. योजना सुरू होते, काही वर्षं व्यवस्थित परतावा देते, मग हप्ते लांबतात, तक्रारी होतात, तपास, आरोपपत्र, खटला, अपील. नाव नोंदवहीत चढेपर्यंत ज्यांचे बुडायचे त्यांचे बुडालेले असतात. अमेरिकेत प्रचंड गुंतवणूक घोटाळा करणारा बर्नार्ड मॅडॉफ हे याचं ढळढळीत उदाहरण. तो नॅस्डॅक या अमेरिकी शेअर बाजाराचा माजी अध्यक्ष होता आणि शिक्षांच्या नोंदीत त्याचं पान कोरं होतं. डिसेंबर २००८ मध्ये अटक झाली तेव्हा ग्राहकांच्या खात्यांवर कागदोपत्री सुमारे ६५ अब्ज डॉलर दिसत होते, जे अस्तित्वातच नव्हते. गुन्हा त्याने कबूल केला मार्च २००९ मध्ये. म्हणजे अटकेच्या आदल्या दिवशी जगातली कुठलीही दोषसिद्धांची यादी उघडून पाहिली असती तरी तो निष्कलंकच दिसला असता. नियामकाकडे मात्र त्याच्याविरुद्धच्या ठोस तक्रारी १९९२ पासून येत होत्या. त्यांवर वेळेत नीट चौकशी झाली असती तर गोष्ट वेगळी झाली असती. इथे नोंदवही कमी पडली नव्हती. आलेल्या तक्रारीच कुणी नीट वाचल्या नव्हत्या.

जामिनावर असतानाही धंदा चालू ठेवणारे असतात. फायर फेस्टिव्हल या संगीत महोत्सवाच्या फसवणुकीत पकडलेला बिली मॅकफार्लंड त्या खटल्यात जामिनावर असतानाच महागड्या कार्यक्रमांची खोटी तिकिटं विकत होता. त्या काळात तो दोषी नव्हे, फक्त आरोपी होता, त्यामुळे दोषसिद्धांच्या नोंदवहीत नसताच.

म्हणून गुंतवणूकदाराने आधी नियामकांच्या याद्या पाहाव्यात असं माझं मत आहे. अमेरिकेत दलाल आणि सल्लागारांसाठी फिन्रा या संस्थेची ब्रोकरचेक नावाची सेवा आहे. तिच्यात शिक्षा तर असतातच, पण ग्राहकांच्या तक्रारी, लवादाचे निकाल, नोकरीवरून काढल्याची कारणं, नियामकाची कारवाई हेही असतं, आणि ते फुकट पाहता येतं. या नोंदींचा ईगन, मॅटव्होस आणि सेरू या अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला. सुमारे ७ टक्के सल्लागारांच्या नावावर गैरवर्तनाची नोंद होती, आणि आधीची नोंद असलेल्याने पुन्हा गैरवर्तन करण्याची शक्यता सरासरी सल्लागाराच्या पाचपट होती. म्हणजे भूतकाळ पाहून भविष्य बऱ्यापैकी कळतं. त्याच अभ्यासातलं पुढचं वाक्य मात्र नोंदवहीच्या भाबड्या समर्थकांनी वाचायला हवं: गैरवर्तनानंतर जवळपास निम्म्यांची नोकरी जाते, पण त्यातल्या ४४ टक्क्यांना वर्षभरातच त्याच क्षेत्रात दुसरी मिळते. माहिती उघड होती, फुकट होती, तरी नेमणारे नेमत होते आणि ग्राहक पैसे देत होते. याद्या लोक उघडून पाहत नाहीत, हे या विषयातलं सगळ्यात नावडतं सत्य आहे.

आणि पाहिली तरी? बॅरी मिंकोची कथा यासाठी सांगण्यासारखी आहे. ऐन विशीत त्याने गालिचे धुणाऱ्या कंपनीच्या नावाखाली प्रचंड घोटाळा केला, १९८८ मध्ये दोषी ठरला आणि पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. १९९५ मध्ये बाहेर आला, पाद्री झाला आणि वर फसवणूक शोधणारा तज्ज्ञ म्हणून नाव कमावलं. त्याचा भूतकाळ त्याने कधीच लपवला नाही. उलट ‘मी सुधारलो’ हीच त्याची ओळख होती. २०११ मध्ये एका बांधकाम कंपनीचे समभाग पाडण्याच्या कटात पुन्हा शिक्षा. २०१४ मध्ये स्वतःच्याच चर्चचे तीस लाखांहून जास्त डॉलर हडपल्याबद्दल आणखी एक. त्या चर्चच्या सभासदांना त्याची पहिली शिक्षा पुरेपूर माहीत होती. अशा माणसापुढे नोंदवही काय करणार? भूतकाळ जो स्वतःच व्यासपीठावरून सांगतो, त्याला तो उघडा पडण्याची भीती नसते.

कंपन्यांच्या संचालकांसाठी ब्रिटनमध्ये वेगळी रचना आहे आणि मला ती बरीच शहाणपणाची वाटते. १९८६ च्या कायद्याखाली गैरवर्तन करणाऱ्या संचालकाला २ ते १५ वर्षं अपात्र ठरवता येतं, त्याचं नाव कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या ‘कंपनीज हाउस’ या सरकारी कार्यालयाच्या जाहीर यादीत असतं आणि मुदत संपली की निघून जातं. इथे लाज हा हेतूच नाही. हा माणूस अमुक तारखेपर्यंत कंपनी चालवू शकत नाही, एवढंच यादी सांगते, आणि बंदी मोडली तर तो गुन्हा होतो. पण वर्षानुवर्षं तिच्यात एक मोठी फट होती: नवी कंपनी नोंदवताना संचालक स्वतः सांगेल ते नाव आणि ती जन्मतारीख जशीच्या तशी घेतली जायची. नव्या संचालकांची ओळख पडताळणं सक्तीचं झालं ते थेट १८ नोव्हेंबर २०२५ पासून. अपात्रांची यादी कितीही चोख असली तरी दारावर ओळखपत्र कुणी विचारत नसेल तर उपयोग नाही.

शिवाय सराईत माणूस स्वतःच्या नावावर काही ठेवतच नाही. कागदावर बायको, पुतण्या, जुना ड्रायव्हर. ही पळवाट बुजवण्यासाठी कंपनीचा खरा मालक कोण याच्या सार्वजनिक नोंदी युरोपात सुरू झाल्या होत्या, पण नोव्हेंबर २०२२ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने सरसकट जनतेला त्या खुल्या ठेवणं खासगीपणाच्या हक्काविरुद्ध आहे असा निकाल दिला. माझ्यासारख्यांचं काम त्या दिवसापासून अवघड झालं. निकालामागचं तत्त्व मात्र मी हसण्यावारी नेणार नाही.

भारतात युटासारखी नोंदवही नाही. आहेत त्या निरनिराळ्या हेतूंच्या याद्या. २५ लाख आणि त्यावरच्या कर्जाच्या हेतुपुरस्सर थकबाकीदारांपैकी ज्यांच्यावर दावे दाखल आहेत त्यांची नावं पत-माहिती कंपन्यांच्या संकेतस्थळांवर पाहता येतात. पण तो बँकांनी दिलेला शिक्का आहे, न्यायालयाने ठरवलेला गुन्हा नव्हे. सेबीने बाजारात व्यवहार करायला मनाई केलेल्यांची यादी शेअर बाजार पॅन क्रमांकासह देतात, त्यामुळे नामसाधर्म्याचा घोळ बराच टळतो. २०१८ चा फरार आर्थिक गुन्हेगारांचा कायदा १०० कोटी आणि त्याहून मोठ्या प्रकरणांपुरता आणि देश सोडून गेलेल्यांसाठी. गावोगाव भिशी आणि ठेवयोजना काढून बसणारा माणूस यांतल्या कशातच सहसा नसतो.

राहिला प्रश्न नाव कायमचं ठेवावं का, हा. लैंगिक गुन्हेगारांच्या नोंदींचा अमेरिकेतला अनुभव इथे कामी येतो. प्रेस्कॉट आणि रॉकॉफ यांच्या २०११ च्या अभ्यासात असं दिसलं की पोलिसांकडे नोंद असल्याने गुन्हे कमी होतात, पण तीच माहिती सर्व जनतेला जाहीर केल्याने नोंदीतल्या लोकांकडून पुन्हा गुन्हा होण्याचं प्रमाण वाढू शकतं. घर नाही, काम नाही, समाजात उभं करत नाहीत, मग गमावण्यासारखं काय उरलं? आर्थिक गुन्ह्यांना हे जसंच्या तसं लागू पडेल असं मी म्हणणार नाही. पण ज्याला कुणीच कामावर ठेवत नाही तो भरपाईचे हप्ते कुठून भरणार, हा प्रश्न इथेही उरतोच.

ब्रिटनमध्ये दोन व्यावसायिकांनी गूगलविरुद्ध लावलेल्या दाव्यांचा निकाल २०१८ साली लागला. त्यांच्या जुन्या शिक्षा शोधनिकालांतून काढाव्यात, ही मागणी. न्यायालयाने दोघांचीही नावं गुप्त ठेवली. पहिल्याला खोटे हिशेब ठेवण्याच्या कटात चार वर्षांची शिक्षा झाली होती, पश्चात्ताप दिसत नव्हता आणि तो अजून व्यवसायात होता. तो हरला. दुसऱ्याला दुसऱ्यांचं संभाषण चोरून मिळवण्याच्या कटात सहा महिने झाले होते, त्याने गुन्हा मान्य केला होता आणि तो पुन्हा तसं काही करण्याची शक्यता दिसत नव्हती. तो जिंकला. हा फरक मला नेमका वाटतो. जुन्या शिक्षेची माहिती आज कुणाला उपयोगी आहे का, हे माणूस आज काय धंदा करतो यावर ठरतं. शिक्षा भोगून कारखान्यात पाळी करणाऱ्याचा फोटो जगाला दाखवून काही साधत नाही. तोच माणूस पुन्हा ठेवी गोळा करायला लागला तर तो फोटो दिसायलाच हवा.

मला कुणी आराखडा करायला सांगितला तर असा करीन. रकमेची आणि फसवलेल्या लोकांच्या संख्येची किमान मर्यादा ठेवायची, म्हणजे दुकानातल्या गल्ल्यातून पैसे उचललेला नोकर यात येणार नाही. खालच्या न्यायालयाच्या निकालावर नाव चढवायचं, पण अपील चालू असेल तर तसं ठळक लिहायचं, आणि निर्दोष सुटला तर नाव त्याच दिवशी उतरवायचं. फोटो, जन्मवर्ष, वापरलेली सगळी नावं आणि चालवलेल्या कंपन्या द्यायच्या. घरचा पत्ता आणि कुटुंबाची माहिती अजिबात नाही, कारण मुलांनी काही केलेलं नसतं. भरपाई किती ठरली आणि किती भरली हा आकडा नावाशेजारी असायचा. हा रकाना फोटोपेक्षा जास्त काम करील. पहिल्या गुन्ह्याला मुदत ठरलेली, पूर्ण भरपाई केल्यास लवकर सुटका, तिसऱ्यांदा सापडला तर कायम. आणि बँका व कंपनी-निबंधक यांना नवं खातं किंवा नवी कंपनी उघडताना ही यादी ओळखक्रमांकाने तपासणं सक्तीचं. निवृत्त गृहस्थ रात्री बसून यादी शोधतील यावर मी विसंबणार नाही. खातं उघडणाऱ्या कारकुनाच्या पडद्यावर लाल खूण आपोआप यायला हवी.

एक फरक मात्र कायद्यात स्पष्ट लिहिलेला असावा. नोंदवहीतून नाव उतरणं ही एक गोष्ट आणि दुसऱ्याचे पैसे हाताळण्याचा परवाना परत मिळणं ही दुसरी. पहिली मुदत संपल्यावर किंवा भरपाई झाल्यावर आपोआप व्हावी. दुसरीसाठी त्याने नियामकाकडे वेगळा अर्ज करावा, आधीच्या तक्रारदारांना त्याची नोटीस जावी आणि त्यांचं म्हणणं ऐकूनच निर्णय व्हावा.